ओमारचं रोप आणि एबेरचा थर्मास

एबेर आल्तेसोर रेल्वेत एकतीस वर्षं सांधेवाला होता. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही. दुरास्नो स्टेशनात शेवटी शेवटी आठवड्याला दोनच मालगाड्या येत, हे खरं. पण त्या दोन्ही बरोबर रुळावर गेल्या. उजव्या हाताने खटका ओढायचा आणि डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास. निवृत्त झाल्यावर खटका सुटला, थर्मास राहिला. त्याच्या सगळ्या शर्टांना डाव्या काखेपाशी ठिगळं आहेत.

काखेत थर्मास आणि हातात माते या कडू, गरम पेयाचा तुंबा घेऊन हिंडण्याचं त्या गावात कुणाला नवल नाही. पण एबेरच्या हातच्या मातेचं नाव होतं. तुंब्यात यर्बाचा सुका पाला भरला की एका बाजूला तो त्याची टेकडी करी आणि पाणी फक्त पायथ्याशी सोडी, बारीक धारेने. शेवटच्या घोटापर्यंत टेकडीचा माथा कोरडा. टेकडी भिजवणाऱ्या माणसाच्या हातचं तो पीत नसे, आणि तसं तोंडावर सांगे.

शेजारच्या सुल्माचा नवरा ओमार त्याच्याच गाड्यांवर गार्ड होता. घरी गांजा लावायची कायद्याने परवानगी मिळाली, तेव्हा ओमार इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टात गेला आणि नाव नोंदवून आला. घरटी सहा झाडं. त्याने सहाच लावली, सातवं उगवलं ते पोस्टमास्तरांना विचारायला गेला. दोन वर्षांपूर्वी तो वारला. मग सुल्माने स्वतःच्या नावावर नोंद करून घेतली. तिला गुडघ्यांना गांजाचं मलम लागे, आणि रविवारी संध्याकाळी ओमारच्या खुर्चीत बसून ती एक विडी ओढी. ती विडी तिला आवडत नसे, पण ओढी.

ओमारने काड्यापेटीत बी ठेवलं होतं. त्यातले शेवटचे चार दाणे तिने या सप्टेंबरात दह्याच्या डब्यांत पेरले. एकच उगवलं. उरलेली पाच रोपं भाचीने दिलेल्या बियांची.

ऑक्टोबरात सुल्माच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. चार दिवस मोन्तेविदेओला बहिणीकडे राहायचं. नेमकी तेव्हाच डब्यांच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावायला लागली.

"चार दिवस थांबतील की," एबेर म्हणाला.

"तुझ्या मालगाड्या थांबायच्या. मुळं थांबत नाहीत. उद्या मोठ्या कुंड्यांत हलव."

तिने कागदावर सगळं लिहून फ्रिजला चिकटवलं आणि तरी वाचून दाखवलं. आज पाणी घालू नकोस, म्हणजे मातीचा गड्डा अख्खा निघेल. रोप पानाला धर, देठाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं, देठ गेला की रोप गेलं. पहिल्या दोन पानांपर्यंत मातीत पूर. नळाचं पाणी झारीत रात्रभर ठेव, तेच हळू घाल. दोन दिवस सावलीत.

"मी पोर आहे का?"

"पोराला एवढं सांगावं लागलं नसतं." मग तिने लाल धागा बांधलेला डबा पुढे सरकवला. "बाकीची पाच मेली तर भाचीकडून आणीन. हे मेलं तर कुणाकडून आणू?"

गुरुवारी सकाळी एबेरने पाच रोपं हलवली. प्रत्येक गड्डा अख्खा निघाला. पाचव्या कुंडीपाशी झारी रिकामी झाली. ओमारचं रोप त्याने शेवटी ठेवलं होतं, हात बसल्यावर करायचं म्हणून. त्याआधी जरा दम घ्यावा, म्हणून त्याने थर्मास काखेत घेतला आणि दोन माते प्यायला.

मग त्याने सहावी कुंडी पुढ्यात घेतली आणि सगळं लक्ष त्या रोपावर एकवटलं. त्यामुळे हातांकडे लक्ष राहिलं नाही. हातांनी माती एका बाजूला दाबून छान टेकडी केली. टेकडीत रोप बसवलं. काखेतला थर्मास काढला आणि पायथ्याशी बारीक धार सोडली.

तुंब्यातून वाफ येते, कुंडीतून येत नाही, हे लक्षात यायला त्याला एक क्षण लागला. पहिल्यांदा त्याने कुंडीवर फुंकर घातली. मग गार पाण्यासाठी धावला.

दुपारपर्यंत उताराकडची पानं माना टाकून बसली. एबेरने थर्मास घरी नेऊन कपाटावर ठेवला आणि कुंडीशेजारी खुर्ची टाकली. मुळं उकरून बघायची त्याला फार इच्छा होत होती. त्याने हात मांड्यांखाली घेतले.

शुक्रवारी तो पाव आणायला गेला.

"एबेरकाका, बरं नाही का?" बेकरीतली मुलगी म्हणाली.

"बरा आहे."

"मग थर्मास?"

समोरच्या औषधवाल्याने त्याला आत बोलावून रक्तदाब मोजला. ठीक निघाला. त्याने तो पुन्हा मोजला.

संध्याकाळी सुल्माचा फोन आला. "ओमारचं कसं आहे?"

"बसलंय."

"बसलंय म्हणजे?"

"प्रवास झालाय ना. डब्यातून कुंडीत."

मग तिने फोन ठेवला.

रविवारी एबेर बसथांब्यावर उभा होता. सुल्मा उतरली, एका डोळ्यावर पट्टी. तिची पिशवी त्याने दोन्ही हातांनी धरली. तिने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"थर्मास कुठाय?"

"घरी."

"कुठलं मेलं?"

"मेलं नाही अजून," एबेर म्हणाला.

घर येईपर्यंत ती त्याच्या दोन पावलं पुढे चालली. अंगणात कुरकुरत्या गुडघ्यांवर ती सहाव्या कुंडीसमोर बसली. मातीचा उतार पाहिला. पायथ्याशी चिकटलेला यर्बाचा एक कण नखाने उचलला आणि त्याच्यासमोर धरला. एबेरने आकाशाकडे पाहिलं. मग तिने पायथ्याशी बोट खुपसलं, मग टेकडीत, रोपाच्या बुडाशी, आणि तिथली माती जरा बाजूला केली.

"इथली मुळं पांढरी आहेत. इथे पाणी पोचलंच नाही."

"टेकडी भिजवत नाही मी," एबेर म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा ताठा आला.

"नाही भिजवत," सुल्माने कबूल केलं.

शेंड्यावर दोन पानं नवी फुटत होती, तांदळाएवढी. तिने खालची करपलेली तीन पानं खुडली, आणि उरलेली माती त्या कुंडीत भरावी की नाही याचा विचार करून तशीच राहू दिली.

"जा, थर्मास घेऊन ये. घसा सुकलाय माझा."

तो घेऊन आला. त्याने झारीकडे हात करण्याआधीच तिने थर्मास त्याच्या काखेतून काढला आणि स्वतःच्या काखेत धरला.

"आता घाल पाणी."

तेव्हापासून सुल्माच्या अंगणात असंच चालतं. आता ओमारचं रोप एबेरच्या खांद्याला लागलंय, जरा तिरकं. त्याला पाणी घालायचं असलं की एबेर आधी कुंपणाशी थांबतो आणि न सांगता डावा हात वर करतो.