उजवी पिशवी चार बोटं खाली

अड्याळच्या चामड्याच्या कारागिरानं मला फसवलं. मीच त्याला नाडलं असं बाजारात सांगतात, ते खोटं आहे. मी फक्त घासाघीस केली, आणि ती तर मी स्वतःच्या लग्नात फेटेवाल्याशीही केली होती.

गाडी माझ्या सासऱ्यांची. पन्नास वर्षांपूर्वीची फटफटी. सानगडीत तिचा आवाज आला की कुत्री आधी उठायची आणि मग माणसं. मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना चामड्याच्या दोन पिशव्या लोंबायच्या. पुढे गाडी गुरांच्या कोठ्यात पडली, पिशव्या उंदरांनी खाल्ल्या. सासरे वारले तेव्हा माझा आणि माझ्या साळ्याचा, दोघांचाही गाडीवर डोळा पडला. साळ्यानं जन्मात एक स्क्रू पिळलेला नाही. इंजिन उघडून, साफ करून, धूर खाऊन ती चालू केली मी. तरी सासूबाईंनी निवाडा असा दिला की, वर्षश्राद्धाला जावयानं गाडी पहिल्यासारखी, पिशव्यांसकट दारात आणली तर गाडी जावयाची, नाहीतर पोराची.

म्हणून मी अड्याळला गेलो. तिथला कारागीर जन्मभर बैलांचं सामान करत आला आहे. घुंगरांचे पट्टे, कासरे, पटात शर्यतीला पळणाऱ्या बैलांची सजावट. हात उत्तम, त्यात शंका नाही. शंका डोक्याबद्दल आहे.

इथे माझी एक रीत सांगितली पाहिजे. मी सायकलवर मुरमुऱ्यांची पोती विकत वर आलेला माणूस. दुकानासमोर मी गाडी कधी डबल स्टँडवर लावत नाही. डबल स्टँडवर गाडी चढवली की दुकानदाराला कळतं, गिऱ्हाईक आता हलत नाही. मी गाडी साईड स्टँडवर कलती ठेवतो, इंजिन चालू ठेवतो आणि वरून उतरत नाही. भाव पटला नाही तर निघालोच, असं समोरच्याला दिसत राहिलं पाहिजे. या एका रीतीवर मी आसगावात दुमजली घर बांधलं.

तर मी गाडीवर बसून भाव पाडत होतो आणि तो खाली बसून माप घेत होता. मी म्हणालो, म्हशीचं चामडं जाड लाव, पण पैसे बकरीचे घे. तो जमिनीपासून वर वितींनी मोजत होता, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. बैलाची झूल तो अशीच मोजतो, दोन्हीकडे सारखी लोंबावी म्हणून. मधेच त्यानं वर पाहून विचारलं, "शेटजी, थोडं उतरता का?" मी म्हणालो, आधी भाव. मग तो पुन्हा मोजू लागला.

पंधरा दिवसांनी पिशव्या तयार झाल्या. खोटं कशाला बोलू, पाहून माझ्या तोंडून शब्द निघेना, आणि भाव करणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. मेणाचा दोरा, एकसारखा टाका, पितळेची बक्कलं, तेल पिऊन तांबूस झालेलं चामडं. त्यानं त्या गाडीवर चढवल्या. मी नेहमीप्रमाणे वरच बसून होतो. दोन्ही पिशव्या जमिनीपासून तंतोतंत सारख्या. तरी मी बक्कलात खोट काढून शेवटचे थोडे पैसे पाडले आणि निघालो.

तिथून थेट सानगडी, कारण वर्षश्राद्ध त्याच दिवशी होतं. अर्ध्या वाटेवर जळका वास येऊ लागला. मला वाटलं, कुणी शेतात धुऱ्यावरचं गवत पेटवलं असेल. सानगडीच्या चौकात एक पोरगी आजीला म्हणाली की या गाडीची एक पिशवी खाली लोंबून रायली. मी लक्ष दिलं नाही.

सासूबाई ओसरीत पाटावर बसल्या होत्या. सगळे पाहुणे बाहेर आले. मी गाडी साईड स्टँडवर लावली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "अशीच होती." गाडी माझी झाली होती. अगदी तेवढा वेळ.

मग साळा पुढे आला. म्हणाला, भाऊजी, फोटो काढू, गाडी नीट उभी करा. आणि स्वतःच्या हातानं त्यानं ती डबल स्टँडवर चढवली. गाडी सरळ झाली आणि पिशव्या वाकड्या झाल्या. उजवी डावीपेक्षा चार बोटं खाली, सायलेन्सरला टेकून काळी पडलेली.

सासूबाई पाटावरून उठून जवळ आल्या. "जवाईबापू," त्या म्हणाल्या, "एक पिशवी जेवली अन् एक उपाशी, असं काहून दिसते?"

पाहुणे हसले. साळा तर खांबाला धरून हसला. मी सांगितलं की गाडी साईड स्टँडवर लावा, मग बघा. सासूबाई म्हणाल्या, मालक गाडी सरळ चालवत होते, वाकडी नाही. संध्याकाळी मी एसटीनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अड्याळ गाठलं आणि कारागिराला चार गोष्टी सुनावल्या. तो पट्टा शिवत राहिला. दोरा दातानं तोडून म्हणाला, "बैल सरळ उभा रायते, शेटजी. तुमची गाडी मी जवा पाह्यली तवा वाकडीच होती. मले वाटलं, जुनी आहे, अशीच रायत असन."

आता साळा ती गाडी त्याच्या किराणा दुकानासमोर साईड स्टँडवर लावतो. येणारा-जाणारा थांबून पिशव्यांना हात लावतो, कारागिराचा पत्ता विचारतो. त्या कारागिराला म्हणे सहा पिशव्यांचं काम मिळालं आहे. बायको म्हणते, गाडीवरून उतरला असता तर काय बिघडलं असतं. बायकोला धंदा कळत नाही.

भाव करणं माझं काम होतं, ते मी चोख केलं. माप घेणं त्याचं काम. माप घेणाऱ्यानं गाडी सरळ उभी आहे का नाही हे पाहायचं नाही, तर काय गिऱ्हाइकानं पाहायचं? त्यानं सानगडीला यावं, माझ्या सासूबाईंसमोर उभं राहावं आणि याचं उत्तर द्यावं. यायचं भाडं मी देतो. जायचं त्यानं पाहावं.