सडा आणि भेग

समोरच्या काकूंच्या दारापुढे नव्या डांबरी रस्त्याला भेग पडली आहे. आज वाकून बोटं घातली, तर अख्खा पंजा आत गेला. मी दचकून हात काढला.

हा रस्ता होताना खालच्या काळ्या मातीत चुना कालवलेला मी पाहिला होता. चुना घातला की ती माती पाण्यानं फारशी फुगत नाही, असं कॉलेजात शिकले. पण सारखं भिजणं आणि सारखं वाळणं तिलाही सोसत नाही. काकू रस्त्याच्या कडेला रोज बादलीभर सडा घालतात. दुपारपर्यंत सगळं खडखडीत. रस्ता झाल्यापासून काकांची चाकाची खुर्ची अंगणाबाहेर येते, त्याचं हे कौतुक. म्हणजे रस्ता कौतुकानंच तडकला? माणसांचंही असंच होत असेल का? एकदा उतू जाणारी माया, मग नुसती कोरड.

काका खुर्चीत बसले होते, चाक भेगेच्या अगदी काठाशी. "उन्हानं तहानलाय गं बिचारा," म्हणत काकूंनी बादली थेट भेगेवर धरली.

"काकू, नको!" मी ओरडले.

काका हसले. "अरेच्चा, कधी न बोलणाऱ्या हिला आवाज आहे की!"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. बादली तशीच तिरकी होती आणि भेग गटागटा पाणी पीत होती.