पाण्यातलं घर

नातवाची मासे ठेवायची काचेची पेटी धुताना शेवाळाचा वास हातांना लागला आणि नागपूरचं मत्स्यालय आठवलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर आम्ही नव्या गावठाणात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सोबत माझे सासरे होते, त्यांना मी मामाजी म्हणायची. आणि माझी पिंकी, या नातवाची आत्या, तेव्हा पाच वर्षांची.

मत्स्यालयातल्या एका पेटीत मातीचं छोटं घर होतं. त्याच्या दारातून पिवळे मासे आत-बाहेर करत होते. काचेला नाक लावून पिंकीने विचारलं, "आबाजी, आपलं जुनं घर आता असंच असन का?"

मामाजी तिच्याजवळ वाकले.

"नाही बेटा. आपल्या घराले दरवाजा नाही राहिला. मीच चौकटीसकट काढून आणला."

गाव सोडताना सगळ्यांनीच दारं काढून आणली होती. म्हणून मामाजींच्या बोलण्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मी डबा उघडून पिंकीला पोळी दिली.

मामाजी आता नाहीत. तो दरवाजा नव्या घराला आहे, पावसाळ्यात फुगला की लागत नाही.

मी पेटीत पाणी भरलं. नातवाचं खेळण्यातलं घर तळाशी ठेवलं आणि त्याचं दार मागच्या भिंतीकडे वळवलं. समोरून आता त्याला दरवाजा दिसत नव्हता.