काडीचं कोपर

कोचबाईंना काडीचा राग नव्हता, हेवा होता. राग असता तर परवडलं असतं हो, राग निदान दाखवता येतो. हेवा म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बाई कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायच्या. पण एके काळी मैदानावर त्यांना सगळे ‘घार’ म्हणत. कोपर सरळ, उडी उंच, आणि चेंडू कड्याला न शिवता जाळीत. देशाच्या संघाची निवड तोंडावर आली असताना गुडघा फिरला आणि सगळं तिथंच बसलं. मग लग्न, मुलगा, ही नोकरी. सासूबाई म्हणायच्या, बरं झालं बाई, एकदाच्या उड्या थांबल्या. बाई हसायच्या. आत काय व्हायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक. शिकवताना मात्र त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. पोरी घडवल्या, करंडक आणले, कुणाचा हेवा केला नाही. खरं सांगायचं तर हेवा करावा असं तोवर कुणी आलंच नव्हतं.

मग काडी आली. नुसती हाडं, म्हणून मैत्रिणींनी काडी नाव ठेवलेलं. चेंडू टाकायची तर कोपर बाहेर, मान तिरकी, एक पाय उगाच पुढे. बघणाऱ्याला हसू यावं. आणि चेंडू? जाळीत. कुठूनही टाका, जाळीत.

एका सामन्याला बाईंचे यजमान आले होते. घरी जाताना सहज म्हणाले, पोरगी तुझ्यापेक्षा सरस आहे हं. त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काडीला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “कोपर आत घे.”

आता यात कोण काय बोलणार? कोचनं कोपर सुधारायचं नाही तर कुणी? पण ज्या हातानं चेंडू जाळीत पडतोय त्याला हात लावायचा नसतो, हे बाईंनीच नव्या कोचेसना शंभरदा सांगितलेलं. काडीसाठी मॅडमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोपर आत गेलं आणि चेंडू बाहेर पडू लागले. नवी सवय आहे, वेळ लागतो, असं बाई सगळ्यांना सांगत होत्या, स्वतःलासुद्धा. मेलं, पोटातलं दुखणं तेवढं थांबलं होतं.

राज्याच्या संघाची निवड उद्यावर आली. बाई हॉलवर आल्या तर काडी आधीच येऊन एकटी चेंडू टाकत होती. एकही आत जाईना. घामानं निथळत तिनं विचारलं, “मॅडम, तुमच्यासारखा हात बसेल ना हो माझा?”

बाई बाकावर बसल्या.

“सोड ते. तुझंच बरोबर होतं. मी बिघडवलं.”

“पण का?”

“मला बघवत नव्हतं.”

काडी रडली नाही, भांडली नाही. मग रेषेवर जाऊन तिनं जुन्या पद्धतीनं टाकायचा प्रयत्न केला. कोपर धड आत नाही, धड बाहेर नाही. चेंडू कड्यालाही लागला नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी आधी कसं टाकायचे तेच आठवत नाहीये.”

बाईंना आठवत होतं. न आठवायला काय झालं? रोज जळत जळत बघितलेलं. त्या उठल्या, चेंडू घेतला, दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन एक पाय पुढे टाकला. मान तिरकी केली. जन्मभर सरळ ठेवलेलं कोपर बाहेर काढलं आणि हुबेहूब काडीसारखा चेंडू टाकला. तो कुठं पडला ते दोघींनीही पाहिलं नाही. काडी त्यांचं कोपर बघत होती. तिनं पुन्हा दाखवायला सांगितलं. बाईंनी पुन्हा दाखवलं, गुडघा कुरकुरेपर्यंत दाखवलं.

मग काडी रेषेवर उभी राहिली. कोपर बाहेर, मान तिरकी. चेंडू जाळीत पडला. लगेच दुसरा, तिसरा.

बाईंच्या पोटात ती ओळखीची कळ पुन्हा उठली. हात बसला, त्यांनी मनात म्हटलं, आणि पुढचा चेंडू काडीकडे फेकला.