डब्यातल्या माणसाची मान

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, तरुणपणाची सगळी वर्षं एका पत्र्याच्या डब्यात काढली. तेव्हा टीव्हीवर अंतराळात वाट चुकलेल्या एका कुटुंबाची मालिका लागायची. त्या कुटुंबासोबत एक यंत्रमानव असे आणि त्याच्या आत भाऊजी असत. उंची बेताची, अंग काटकुळं. त्या मापाचा दुसरा माणूसच मिळाला नाही. चेहरा कधी कुणाला दिसला नाही, पण गल्लीतली पोरं त्यांना डबेकाका म्हणत आणि तेही खुशाल ओ देत.

त्यांना डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही. डब्यात तर काहीच कळेना, म्हणून दिग्दर्शक बोलू लागला की ते मान तिरकी करून उजवा कान जाळीपाशी नेत. दिग्दर्शकाला ती लकब आवडली. झालं, कुणी रडायला लागलं की यंत्र मान तिरकी करून ऐकणार, हे घरोघरी ठरून गेलं.

मालिका संपली, गुडघे गेले, लग्न राहूनच गेलं. भाऊजी आमच्या मागच्या खोलीत राहायला आले. माझी नात चार वर्षांची. तिच्यामागे ताट घेऊन फिरताना आमच्या नाकी नऊ येत, पण डबाआजोबांनी मान तिरकी केली की बाईसाहेब आ करीत. सूनबाई म्हणायची, "काका, तुम्ही नसता तर हिला सलाईनवरच वाढवावं लागलं असतं." भाऊजी दिवसभर तिच्या जेवणाच्या वेळेची वाट बघत. दुसरं होतं काय त्यांना?

गेल्या वर्षी ती मालिका नव्याने करायचं ठरलं आणि त्यांना बोलावणं आलं.

"या वयात डब्यात शिरणार?" आमच्या ह्यांनी विचारलं. "बाहेर काढायला पत्रा कापावा लागेल."

"डबा नाहीये, दादा. सगळं कॉम्प्युटरवर. मी फक्त मान दाखवायची."

परत आले ते हसतच. "वहिनी, माझीच मान घेतलीय. जशीच्या तशी."

"आणि गोष्ट?"

"ती नाही सांगितली. या वेळी जरा गंभीर आहे म्हणाले."

पहिला भाग रविवारी दुपारी लागला. नात त्यांच्या मांडीवर. यान तेच, फक्त उजेड कमी. कुटुंबातला थोरला मुलगा एका खोलीत अडकून रडत होता. काचेपलीकडे यंत्र आलं, त्याने मान तिरकी केली. "डबाआजोबा," म्हणून नातीने टाळ्या पिटल्या. मग यंत्राने त्या खोलीतली हवा बंद केली आणि रडणं थांबेपर्यंत तसंच ऐकत उभं राहिलं.

माझा मुलगा रिमोट शोधत राहिला. नात आजोबांच्या मांडीवरून हळूच उतरली आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"काय झालं, राणी?" भाऊजींनी विचारलं आणि उत्तर ऐकायला सवयीने मान तिरकी केली. पोरगी अशी किंचाळली की शेजारीण दारात आली.

आम्ही परोपरीने समजावलं. टीव्हीतलं सगळं खोटं असतं, आजोबा आपले आहेत.

"माहितीये मला," ती म्हणाली. "पण ते ऐकतात ना."

त्या दिवसापासून भाऊजींनी मान सरळ धरली. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवून बसतात, कुणी बोललं तरी वळवत नाहीत. उजवा कानही आता उतरणीला लागलाय. मी म्हटलं, कानातलं यंत्र तरी घ्या.

"नको, वहिनी. आता आणखी यंत्र नको."

सुरुवातीला आम्ही ओरडून सांगत होतो. पण घरात किती ओरडणार? कोणी काही विचारलं की ते "हो, हो" म्हणतात. चहा हवा का, हो. नको का, हो. आमचे हे त्यांना पेपर वाचून दाखवायचे, हेही हळूहळू मनात वाचू लागले. मीही पेला नुसता समोर ठेवते.

नात आता घाबरत नाही. कपाटाजवळून जावं तशी त्यांच्या खुर्चीजवळून धावत जाते. घास भरवून घ्यायला मात्र कधी गेली नाही. परवा खेळता खेळता थांबून तिने मला विचारलं, "आजी, आजोबांना बंद केलंय का?"

मी तिला दटावलं. भाऊजी समोरच बसले होते. आमचे ओठ हललेले बघून ते हसले आणि म्हणाले, "हो, हो."