गोळ्यांच्या डब्यातली चिप

आई गेल्यापासून बाबा लालबागच्या चाळीत एकटेच राहतात. तीस वर्षं गिरणीत साच्यावर उभं राहून कापड विणलेला हा माणूस रक्तदाबाची गोळी मात्र कधी विसरायचा, कधी दोनदा घ्यायचा, आणि मी विचारलं की ठोकून द्यायचा, "घेतलंय गो."

मी लोअर परळच्या एका ऑफिसात चिपांवरची कामं करते. मग काय, वडिलांवर प्रयोग. त्यांच्या गोळ्यांच्या डब्याच्या तळाशी मी एक छोटं घड्याळ, बॅटरी आणि तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली. झाकण उघडलं की तेव्हाची वेळ चिपवर लिहिली जायची. रविवारी जेवायला गेले की मी लॅपटॉप जोडून ती वाचायचे.

या चिपा मोठ्या गुणी असतात. दोनच तारा, एकीवर ठेका, दुसरीवर बोलणं. तिच्या पत्त्यावर हाक मारायची, ती ओ देते, मग विचाराल तेवढंच सांगते. आपणहून अवाक्षर काढत नाही. मला त्या आवडतात, कारण माणसांशी बोलताना माझा पारा लगेच चढतो.

बाबांना एवढं कुठे समजावत बसणार? मी घाईत म्हटलं, "झाकण उघडलंत की मला कळतं." ते खूश झाले.

मध्ये ऑफिसात कामाचा डोंगर उपसत होते. तीन रविवार चुकले. रोज दोन मिनिटं फोन करायचे, "गोळी घेतली?" "घेतली." संपलं. चौथ्या रविवारी चिप वाचली आणि माझं डोकंच फिरलं. सकाळ-संध्याकाळच्या नोंदी होत्याच, पण रोज दुपारी साडेतीनलाही एक होती. आणि एका बुधवारी, सकाळी पावणेबाराला, दहा मिनिटांत अकरा नोंदी.

"बाबा, किती गोळ्या खाताय तुम्ही? जीवावर उठलाय का स्वतःच्या?" मी ओरडलेच. गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

बाबा भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, "साडेतीनाक गिरणीची पाळी सुटायची. तू गॅलरीत उभी ऱ्हवायचस माझी वाट बघत. तू येयनास झालंस, म्हणान त्या टायमाक झाकण उघडतंय. तुका कळता मां, बाबा बरो आसा म्हणान."

मी विचारलं, "आणि बुधवारी?"

"त्या दिवशी चक्कर इली. फोन थंय फळीवर चार्जिंगक. डबो हाताशी होतो, म्हणान उघडलंय. परत परत उघडलंय. मगे शेजारणीन साखरपाणी दिल्यान."

अकरा वेळा त्यांनी मला हाक मारली होती. आणि त्याच संध्याकाळी फोनवर मी विचारलं होतं, गोळी घेतली का. त्यांनी हो म्हटलं होतं. चक्करेबद्दल एक शब्द काढला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ते मला ठाऊकच होतं. मी आले नाही, साधी चौकशीही केली नाही, हे त्यांनी मुकाट्याने गिळलं होतं.

"मग मी आले नाही तेव्हा?"

"म्हटलंय, कामात आसतलस."

गप्प बसून वेळ मारून नेता आली असती. पण तेवढी निगरगट्ट मी नाही. मी सांगून टाकलं, "बाबा, हा डबा मला काही कळवत नाही. तो नुसतं लिहून ठेवतो. मी इथे येऊन वाचलं तरच कळतं. मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं."

ते डब्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे बुधवारी तुका कळलाच नव्हता?"

"नाही."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते हसले, किती तरी दिवसांनी, आई असताना हसायचे तसे. "अगो, मगे तसा सांग मां!" म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी एक माशाची तुकडी वाढली.

मी ती खाल्ली. ऑफिसपासून त्यांची खोली चालत वीस मिनिटांवर आहे.