किरणांचा कांदा आणि माझा विरोध

पंचायत समितीवर बाया घ्यायचा कायदा नवा होता, म्हणून सभापती आमच्या घरी आले. मी मॅट्रिक होते आणि माझा नवरा भांडखोर नव्हता, एवढ्या दोन गुणांवर त्यांनी मला निवडलं होतं. "काम काहीच नाही, बाई," ते म्हणाले. "सभेले यायचं, चहा घ्यायचा, हात वर करायचा." वर्षभर मी हे चोख केलं. चहात साखर फार असते, ही माझी सभागृहातली एकमेव तक्रार.

मग कांद्याचं निघालं. मुंबईहून एक तरुण अधिकारी आले आणि त्यांनी आम्हाला समजावलं, की कांद्यावर एका प्रकारचे किरण सोडले तर त्याला कोंब फुटत नाही, तो कितीतरी दिवस टिकतो. असं केंद्र आपल्याकडे काढायचं, जागा आणि इमारतीचा खर्च समितीनं द्यायचा. खात्रीसाठी त्यांनी कांद्याचे दोन ढीग कचेरीच्या मागच्या खोलीत ठेवले. एक किरण दिलेला, एक साधा. पोळ्यानंतरच्या सभेत ते पाहून ठरवायचं होतं.

सगळे माना डोलवत होते, मीसुद्धा. घरी येताना एसटीत मात्र मनात आलं, आमच्या उंद्रीत कांदा ठेवतो कोण? काढला, पोत्यात भरला, विकला. पुढे तो टिकला तर फायदा ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचा. मग त्यानंच खर्च करावा की! आमच्या शाळेचं छप्पर गळत होतं आणि समिती कांद्याला इमारत बांधणार होती.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मुद्दा बरोबर हाय. पण तुले बोलता येईन का?"

मी भाकरी थापता थापता भाषणाचा सराव सुरू केला. मुद्दा जोरात आला की भाकरी फाटायची. त्या दिवसांत घरानं बऱ्याच फाटक्या भाकरी खाल्ल्या.

माझा विरोध पैशाला होता, किरणांना नव्हता. तरीही दर सभेला मी मागच्या खोलीत डोकावून यायची. किरणांच्या ढिगाला एखादा तरी कोंब फुटावा, असं मला फार वाटे. पण साध्या ढिगाला हिरवे शेंडे आले, काही कांदे सडून पाणी झाले, आणि शेजारचा तो ढीग जसाच्या तसा, लालबुंद.

सभेच्या दिवशी मी उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. पहिलं वाक्य तेवढं आठवलं, "या कांद्याले माझा विरोध हाय." पुढचं शोधायला मी एक श्वास घेतला. तेवढ्यात पागोटंवाले एक म्हातारे सदस्य उठले.

"बाईचं खरं हाय," ते म्हणाले. "ज्या कांद्याले कोंब फुटत नाही, तो खाऊन आपल्या घरात पाळणा कसा हालंन?"

सगळे मागच्या खोलीच्या दाराकडे पाहू लागले.

"तसं नाही हो!" मी ओरडले. "मी पैशाचं म्हणून राह्यली! शाळेचं छप्पर..."

"ताईंचा काही गैरसमज..." अधिकारी मध्येच म्हणाले.

"माझा नाही!" मी पागोटंवाल्यांकडे बोट केलं. "यायचा हाय!"

पण ऐकतं कोण? प्रस्तावाच्या बाजूनं एकही हात वर आला नाही. "बसा बाई," सभापती म्हणाले, "जितल्या तुम्ही." अधिकाऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या बाईनं तरी असं बोलू नये. मग ते पिशवी उचलून मलकापूरच्या बसला गेले. त्यांच्यामागे धावत जाऊन खरं काय ते सांगावं असं वाटलं, पण पायात नव्या चपला होत्या.

किरणांच्या ढिगाला कोणी हात लावेना. शिपाई म्हणाला, "फेकून देऊ का, बाई?" एवढा चांगला कांदा उकिरड्यावर जाताना मला पाहवेना. मी तो पिशवीत भरून घरी नेला.

रात्री पिठल्यासोबत नवऱ्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "यानं पाळणा हालत नाही म्हणतात ना?"

"चार लेकरं झाली," मी म्हटलं. "आता नाही हालला तरी चालते."

बुक्की मारून त्यानं कांदा फोडला. करकरीत निघाला. महिनाभर आम्ही तो खाल्ला.

तोवर तालुकाभर झालं होतं, की बाईनं विरोध केला तो कांदा घरी न्यायसाठी. त्याच्या पुढच्या सभेत महिला मंडळाला शिलाई मशिनी द्यायचा विषय आला. मी बोलायला उठले, तोच पागोटंवाले म्हणाले, "द्या बे बाईले एक मशीन घरी न्याले!" मी खरं तर प्रस्तावाच्या बाजूनं बोलणार होते. पण हशा थांबेपर्यंत सभापती पुढच्या विषयावर गेले होते.